शाळेची लादी निवडताना आधी पाणी बघा

टाइल्सच्या दुकानात लादी कोरडी असते, पुसलेली असते आणि वरून दिवे मारलेले असतात. शाळेत तीच लादी जूनच्या मध्यापासून चिखलाच्या बुटांखाली, गळणाऱ्या छत्र्यांखाली आणि मधल्या सुट्टीच्या पळापळीखाली येते. ठाणे-नवी मुंबईत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे इथल्या शाळेसाठी लादी निवडताना रंग आणि भाव नंतर. आधी एवढंच विचारा: ही जागा ओली होते का, आणि झाली तर किती वेळ ओली राहते?

दुसरं असं की लादी वरून क्वचितच फसते, ती खालून फसते. पोकळ माल (लादीखालचं सिमेंट-रेतीचं मिश्रण), उलटा उतार, न धुतलेली रेती, न सोडलेली फट. बजेट अपुरं असेल तर लादी एक पायरी खालची घ्या, पण तिच्या खालच्या कामात काटछाट करू नका. शाळा व्यवस्थापन समितीत नव्याने आलेल्यांना, विश्वस्तांना किंवा पहिल्यांदाच असं काम अंगावर घेतलेल्या मुख्याध्यापकांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचा क्रम लावला आहे.

१. वही घेऊन इमारत फिरा

शक्य असेल तर ही फेरी पावसाळ्यात मारा. नसेल तर शिपाईकाकांना आणि मावशींना सोबत घ्या. पाणी कुठे साचतं, मुलं कुठे घसरतात, कोणत्या कोपऱ्यात पोछा मारूनही वास जात नाही, हे त्यांना आर्किटेक्टपेक्षा जास्त ठाऊक असतं. प्रत्येक जागेपुढे एक शेरा लिहा: कोरडी, पावसाचा फवारा येणारी, कायम ओली, तेल किंवा रसायन सांडणारी, मुलं जमिनीवर बसतात ती. या यादीतून बहुतेक शाळांना तीन ते चार प्रकारच्या लाद्या लागतात असं दिसेल. सगळीकडे एकच लादी घेतली तर गॅलरीत किंवा स्वच्छतागृहात अपघात ठरलेला. उलट नऊ प्रकार घेतले तर पाच वर्षांनी एकाचीही जोड मिळत नाही.

२. जुनी फरशी खरंच काढायची आहे का?

१९७०-८० च्या दशकांतल्या कितीतरी शाळांत मोझॅक लाद्या आहेत. वरून काळपट आणि खडबडीत दिसतात म्हणून त्या उखडायचं ठरतं, आणि हा बहुतेक वेळा वाया गेलेला खर्च असतो. मोझॅकचा वरचा चिप्सचा थर काही मिलिमीटर जाड असतो. मशीनने घासला की तो पुन्हा नव्यासारखा होतो. आधी ६० नंबरचा दगड, मग भोकं आणि दर्जा, म्हणजे दोन लाद्यांमधले सांधे, जुळत्या रंगाच्या सिमेंटने भरायच्या, मग १२०, शेवटी ३२०. शाळेसाठी इथेच थांबा. त्यापुढची आरशासारखी पॉलिश लग्नाच्या हॉलला ठीक आहे, ओल्या बुटांना नाही.

काढायची की ठेवायची हे ठरवायला एक रुपयाचं नाणं पुरतं. लादीच्या मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर ते टकटक वाजवा. भरीव आवाज आला तर लादी घट्ट आहे. ढबढब आवाज आला तर तिथे खडूने फुली मारा. दहा लाद्यांत एखादी फुली असेल तर तेवढ्याच बदला. निम्म्याहून जास्त फुल्या असतील तर उखडण्याला पर्याय नाही.

जुन्या फरशीवरच नवी बसवायचा मोह होतो, कारण राडारोडा वाचतो. इथे वजनाचा हिशेब करा. २० बाय २५ फुटांचा, म्हणजे ५०० चौरस फुटांचा वर्ग घ्या. १० मिलिमीटरची व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाइल ॲढेसिव्हने, म्हणजे टाइलच्या तयार गोंदाने, चिकटवली तर स्लॅबवर साधारण सव्वा टन वजन वाढतं. तीच जागा ३० मिलिमीटर माल टाकून २५ मिलिमीटर कोटा दगडाच्या फरशीने झाकली तर जवळपास सहा टन. वरच्या मजल्यावर, तेही ३० वर्षं ओलांडलेल्या इमारतीत, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करूच नये. लादीवर लादी बसवताना आणखी एक गोष्ट विसरली जाते: दारं. दीड सेंटिमीटर जमीन वर आली की प्रत्येक दार खालून तासावं लागतं आणि उंबऱ्याशी अडखळायला एक पायरी तयार होते. चाकाच्या खुर्चीसाठी उंबरा १२ मिलिमीटरपेक्षा उंच नको, आणि तेवढाही तिरका घासलेला हवा.

३. जागेनुसार लादी

*वर्गखोल्या.* इथे सर्वात जास्त मार बसतो तो लोखंडी बाकांच्या पायांचा. बाक सरकतो तेव्हा पायाखाली आलेला रेतीचा एक कण काच कापल्यासारखी रेघ मारतो. वरून छपाई केलेल्या चकचकीत टाइलवरचा डिझाइनचा थर एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. दोन-तीन वर्षांत बाकाखालच्या पट्ट्यात तो पांढरा पडतो. डबल चार्ज टाइलमध्ये वरचा रंगीत थर तीन ते चार मिलिमीटर असतो आणि फुल बॉडी टाइलमध्ये रंग आरपार असतो, त्यामुळे रेघ पडली तरी खालून वेगळा रंग दिसत नाही. वर्गासाठी ६०० बाय ६०० ची मॅट फिनिशची, मध्यम राखाडी किंवा बदामी टाइल घ्या. पांढरी नको: खिडकीचा उजेड तिच्यावरून उसळून फळ्यावर चकाकी येते आणि मागच्या बाकांना फळा वाचता येत नाही. वर आपली लाल माती तिच्यावर उठून दिसते.

कोटा हा वर्गाचा दुसरा चांगला पर्याय आहे. झिजला की घासता येतो, हा त्याचा मोठा गुण. २० ते २५ मिलिमीटर जाडीचा, मशीनने कापलेला, कडा सरळ असलेला माल घ्या. कडेने बघून ज्याचे पापुद्रे सुटताना दिसतात तो परत पाठवा.

*गॅलरी आणि व्हरांडे.* सर्वाधिक घसरगुंडी इथेच होते, आणि नेमका इथेच वर्गातून उरलेला गुळगुळीत माल वापरला जातो. टाइलच्या पकडीसाठी आर ९ ते आर १३ असे दर्जे असतात. उतरत्या फळीवर तेल ओतून, बूट घातलेला माणूस किती कोनापर्यंत न घसरता चालतो यावरून ते ठरतात. आर ९ म्हणजे ६ ते १० अंश, आर १० म्हणजे १० ते १९, आर ११ म्हणजे १९ ते २७. वर्गाला आर १० पुरे. फवारा येणाऱ्या गॅलरीला आर ११ हवा. त्याच्यावर गेलात तर पृष्ठभाग इतका खरखरीत होतो की पोछ्याचे धागे अडकतात, मळ बसतो, आणि मावशी वैतागून ॲसिड मागतात. पॉलिश न केलेला कोटा किंवा टाकी लावलेली (छिन्नीने टोचून खडबडीत केलेली) शहाबादी फरशी गॅलरीला उत्तम चालते आणि स्वस्तही पडते, फक्त दिसायला साधी. गॅलरीचा उतार बाहेरच्या बाजूला, १०० ला १: सहा फूट रुंदीला सुमारे १८ मिलिमीटर. हा उतार खालच्या मालातच द्यायचा. टाइल बसवताना 'जमवून घेऊ' असं कोणी म्हणालं तर काम थांबवा.

*जिना.* जिन्यावर टाइल नको. पायरीच्या नाकाशी, म्हणजे पुढच्या कडेला, ती फुटते, आणि फुटलेली कड गुडघ्याला सुरीसारखी लागते. पायरीच्या पूर्ण रुंदीचा एकसंध कोटा किंवा ग्रॅनाइट घ्या, पुढची कड गोल करून, कडेपासून चार-पाच सेंटिमीटर आत तीन खाचा मारून. शाळेच्या जिन्याला पायरीची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर आणि खोली कमीत कमी ३०० असावी.

जिन्याची एक खोड नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. मजल्यावर नवी लादी बसली की मजला १२-१५ मिलिमीटर वर येतो, पायऱ्या मात्र जुन्याच राहतात. शेवटची पायरी आता १५० ऐवजी १६५ ची झाली. वर चढणारा पाय आधीच्या दहा पायऱ्यांचा ताल धरून चाललेला असतो. तो नेमका तिथे ठेचकाळतो. खालून पहिल्या पायरीचं उलट होतं, ती बुटकी होते. काम सुरू करण्याआधी सगळ्या पायऱ्यांची उंची मोजून वहीत लिहा, आणि काम झाल्यावर कोणत्याही दोन पायऱ्यांत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहणार नाही असं बघा. नाकावर ५ सेंटिमीटर रुंद, उठून दिसणाऱ्या रंगाची पट्टी हवी, आणि जिना सुरू होण्याच्या व संपण्याच्या ३०० मिलिमीटर आधी ठिपक्यांची स्पर्शलादी. कमी दिसणाऱ्या मुलाला पायाने कळतं की पुढे पायऱ्या आहेत.

*स्वच्छतागृह.* इथे लहान लादी घ्या, ३०० बाय ३०० किंवा त्याहून लहान. चारी बाजूंनी नहाणी ट्रॅपकडे (पाणी जायच्या जाळीकडे) उतार द्यायचा तर जमीन दुमडावी लागते. मोठी टाइल दुमडत नाही, मग एक कोपरा वर राहतो आणि त्यामागे पाणी साचतं. उतार ८० ला १ ठेवा. आठ फूट लांबीच्या मोरीत ट्रॅपशी जमीन ३० मिलिमीटर खाली हवी. लाद्यांमधल्या दर्जा इपॉक्सी ग्राउटनेच (पाणी न शोषणाऱ्या, सांधे भरायच्या मिश्रणाने) भरा. साधं सिमेंटचं ग्राउट लघवी शोषतं आणि हळूहळू झिजतं, आणि जो वास फिनाइलनेही जात नाही तो तिथूनच येतो. लादीच्या आधी वॉटरप्रूफिंग, भिंतीवर किमान एक फूट चढवून. मग ट्रॅपला बूच मारून ४८ तास पाणी साठवा. भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने रेघ मारा आणि खालच्या मजल्यावर छत बघा. ही चाचणी 'वेळ नाही' म्हणून टाळली जाते. त्या दोन दिवसांची किंमत पुढे संपूर्ण मोरी फोडून द्यावी लागते.

*प्रयोगशाळा.* कोटा, मोझॅक, संगमरवर तिन्ही बाद. तिन्हींत कॅल्शियम कार्बोनेट असतं. कोट्याच्या तुकड्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाकून बघा: बारीक बुडबुडे उठतात, आणि पुसल्यावर पैशाएवढा पांढुरका, खडबडीत डाग राहतो. तो धुऊन जात नाही, घासूनच काढावा लागतो. इथे डबल चार्ज किंवा फुल बॉडी टाइल आणि इपॉक्सी ग्राउट. पोषण आहार वाढायच्या जागेलाही हेच. खिचडीतलं तेल आणि हळद सिमेंटच्या दर्जेत मुरते.

*बालवाडी.* मुलं जमिनीवर बसतात, लोळतात, पडतात. त्यामुळे व्हिनाइल शीटचा विचार होतो, आणि तो बरोबरही आहे: २ मिलिमीटरचं एकसंध शीट, सांधे गरम वेल्डिंगने जोडलेले, कडेला भिंतीवर चार इंच गोलाईने चढवलेलं. पण व्हिनाइलचा शत्रू खालची ओल आहे. ओल वर येते, शीटखाली अडकते, गोंद सुटतो, फुगे येतात. बसवण्याआधी दीड फूट बाय दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा जमीन काळपट झाली असेल तर व्हिनाइल नको. नवा सिमेंटचा कोबा वाळायला मिलिमीटरमागे साधारण एक दिवस घेतो. ४० मिलिमीटरच्या कोब्याला चाळीस दिवस, म्हणजे मे महिन्याची सगळी सुट्टी. म्हणून सुट्टीत व्हिनाइल करायचं तर जुन्या, सुक्या, घट्ट जमिनीवर दोन-तीन मिलिमीटर सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड (आपोआप सपाट पसरणारं मिश्रण) ओतूनच. खाडीजवळच्या तळमजल्यावर आमचं मत सरळ आहे: मॅट टाइल घ्या आणि वर जाड सतरंजी घाला.

*सभागृह आणि मैदान.* सभागृहाला कोटा पुरेसा. लाकडी फरशी आपल्या दमट हवेत एसीशिवाय फुगते. तिचा नाद सोडा. मैदान मातीचंच राहू द्या, सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकू नका. चालायच्या पट्ट्याला ६० मिलिमीटरचे, बस वळते तिथे ८० चे. घसरगुंडीखाली रबर हवं असेल तर त्याची जाडी घसरगुंडीच्या फळीच्या उंचीवरून ठरते. विक्रेत्याकडून 'किती उंचीवरून पडण्यासाठी तपासलेलं' हे लेखी घ्या.

प्रवेशद्वाराशी जमिनीत खळगा करून किमान सहा फूट लांब काथ्याचं पायपुसणं बसवा, बाहेर लोखंडी जाळी. मूल त्यावर चार पावलं टाकतं तेवढ्यात निम्मी रेती तिथेच राहते. आतल्या लादीचं आयुष्य वाढवणारी याहून स्वस्त युक्ती नाही.

४. दुकानात आणि गोदामात

ठाणे-नवी मुंबईत टाइल्स मुख्यतः गुजरातेतल्या मोरबीहून येतात. दगडासाठी शिळफाटा-महापे रस्त्यावरची गोदामं बघता येतील. जाताना पाण्याची बाटली आणि शाळेच्या गणवेशातला बूट सोबत न्या. नमुना जमिनीवर ठेवायला सांगा, त्यावर पाणी ओता, बूट घालून टाच घासा. मग अनवाणी. दुकानदार हसेल, हसू द्या.

दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा. मधोमध फट दिसली तर त्या वाकलेल्या आहेत. टाइलच्या मागच्या बाजूला शाईचा थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. चांगल्या व्हिट्रिफाइड टाइलमध्ये पाणी अर्ध्या टक्क्याहून कमी मुरतं, त्यामुळे शाई जवळजवळ निघून जाते. खोक्यावर आयएस १५६२२ या भारतीय मानकाचा उल्लेख, शेड नंबर आणि बॅच नंबर बघा. सगळा माल एकाच बॅचचा हवा. दोन बॅचच्या टाइल्स दुकानात सारख्या दिसतात, लांब व्हरांड्यात मात्र मध्येच रंग बदललेला दिसतो.

दरपत्रक मागताना 'चौरस फुटाला किती' एवढ्यावर थांबू नका. त्यात उतरवण्याची माथाडी मजुरी, मजल्यावर चढवणं, जुनी फरशी काढणं, राडारोड्याची विल्हेवाट, ॲढेसिव्ह, ग्राउट, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी) आणि पॉलिश धरलंय का हे ओळीओळीने लिहून घ्या. स्वस्त दरपत्रक बहुतेकदा यातल्या तीन-चार ओळी गाळूनच स्वस्त झालेलं असतं.

५. मालाचा हिशेब

तोच ५०० चौरस फुटांचा वर्ग. ६०० बाय ६०० च्या चार टाइल्सचं खोकं १५.५ चौरस फूट भरतं. सात टक्के नासाडी धरून ३५ खोकी. भिंतींचा घेर ९० फूट, चार फुटी दोन दारं वजा केली की ८२ फूट स्कर्टिंग. एका टाइलमधून जेमतेम चार इंची सहा पट्ट्या निघतात, म्हणजे जवळपास १२ फूट. सात टाइल्स लागतात, फुटतूट धरून आठ: दोन खोकी. एकूण ३७. दहा वर्गांना ३७०, आणि त्यावर १० ते १२ खोकी राखीव.

ॲढेसिव्हच्या २० किलोच्या गोणीत ४५ ते ५० चौरस फूट होतात असं सांगितलं जातं, पण ते ३ मिलिमीटर थराचं गणित आहे. १० मिलिमीटर दातांच्या थापीने ओढून, टाइल दाबून बसवल्यावर थर ४ च्या आसपास राहतो आणि गोणी ३५ चौरस फुटांतच संपते. वर्गाला ११ नव्हे, १५ गोण्या धरा. नाहीतर शेवटच्या दोन दिवसांत कामगार माल पातळ ओढायला लागतात.

कोटा बसवायचा असेल तर ३० मिलिमीटर जाडीच्या १:६ मालाला (एक भाग सिमेंट, सहा भाग रेती) १०० चौरस फुटांमागे दीड गोणी सिमेंट, आणि वरच्या स्लरीला (सिमेंट-पाण्याच्या पातळ लगद्याला) आणखी एक गोणीच्या आत. वर्गाला सुमारे १२ गोण्या.

६. खालचा थर

नवी मुंबईचा मोठा भाग खाडीकाठची दलदल भरून उभा राहिला आहे. तळमजल्याच्या खोल्यांत स्कर्टिंगच्या खाली बोटभर फट पडलेली दिसली तर समजा, भराव बसतो आहे. त्यावर नवी लादी म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तीच फट. जमीन उकरून भराव १५-२० सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून ठोकून घ्यायचा, वर नऊ इंचांचं दगडी सोलिंग (दगड रचून ठोकलेला थर), २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, मग चार इंच काँक्रीट. कटकटीचं काम आहे, पण तळमजल्याचा निम्मा खर्च इथेच सार्थकी लागतो.

रेतीबद्दल. खाडीची रेती खारट असते. न धुता वापरली तर पहिल्या पावसानंतर दर्जांतून पांढरा लोणा (क्षाराची पावडर) वर येतो. पुसला की जातो, चार दिवसांनी पुन्हा येतो. धुतलेली क्रश सँड (दगड भरडून केलेली रेती) घ्या. टँकरचं किंवा खाडीजवळच्या बोअरचं पाणीही खारं नाही ना हे बघा.

कोबा झाला की दहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी-उभी फिरवा. पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर आत्ताच भरून घ्या. ॲढेसिव्ह खड्डा भरायला नसतं.

७. बसवताना

व्हिट्रिफाइड टाइलच्या पाठीत पाणी मुरत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या स्लरीला ती धरतच नाही. जुन्या सवयीचे गवंडी तरी स्लरीच ओततात. सांगा: आयएस १५४७७ चं ॲढेसिव्ह, व्हिट्रिफाइडसाठी टाइप २ किंवा त्यावरचं. दातांच्या थापीने एकाच दिशेने ओढायचं, आणि एका वेळी वीस मिनिटांत संपेल एवढंच. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबली की वरून सपाट दिसते, आत पोकळ राहते. बाकाचा पाय नेमका त्या पोकळीवर आला की कोपरा तुटतो. दर विसाव्या टाइलला, बसवल्या बसवल्या, उचलून बघा. पाठ नव्वद टक्के तरी मालाने भरलेली हवी. नसेल तर त्या दिवसाचं काम पुन्हा.

आता फटी. गवंड्याला टाइल टाइलला भिडवून बसवायची हौस असते, कारण 'सांधा दिसत नाही'. याचा परिणाम लांब व्हरांड्यात दिसतो. काँक्रीटचा स्लॅब वर्षानुवर्षं थोडा थोडा आकसत जातो, उन्हाने वरच्या टाइल्स फुगतात, आणि शंभर फुटांच्या रांगेत हे सगळे केसाएवढे ताण एकत्र येतात. टाइलला बाजूला सरकायला जागा नसते. मग एखाद्या दुपारी फाडकन आवाज होतो आणि दोन टाइल्स तंबूसारख्या वर उठतात. वर्ग भरलेला असेल तर मुलांची घाबरगुंडी उडते, आणि टाइल कंपनीला शिव्या बसतात. दोष टाइलचा नसतो.

उपाय तीन. प्रत्येक टाइलभोवती २ ते ३ मिलिमीटरची फट, प्लास्टिकचे स्पेसर लावून. भिंतीशी ५-६ मिलिमीटर मोकळे, जे स्कर्टिंगखाली झाकले जातात. तिथे माल कोंबू नका. आणि गॅलरीत दर ५ मीटरवर, थेट ऊन येत असेल तर ४ मीटरवर, ६ ते ८ मिलिमीटर रुंद सांधा, खालच्या मालापर्यंत आरपार कापलेला, आत फोमची दोरी आणि वर पॉलियुरेथेन सीलंट. इमारतीचा मूळ एक्स्पान्शन जॉइंट (बांधकाम फुगण्या-आकसण्यासाठी सोडलेला सांधा) जिथे असेल तिथे लादीतही तो तसाच वर आणायचा. त्याच्यावरून सलग टाइल टाकणं म्हणजे ती फुटणार याची तारीख ठरवणं.

सुरुवात खोलीच्या मधल्या सुतापासून, गुण्याने काटकोन तपासून. दारातून दिसणाऱ्या बाजूला पूर्ण टाइल, कापलेले तुकडे मागच्या भिंतीला. ॲढेसिव्हवर २४ तास पाय नाही, ग्राउट त्यानंतर, बाक सात दिवसांनी. मालावरच्या कोट्याला सात दिवस पाणी, आणि पॉलिशचं मशीन त्यानंतरच.

८. सुट्टीचं गणित

एक गवंडी आणि दोन मदतनीस दिवसाला १०० ते १५० चौरस फूट करतात. दहा वर्गांचे ५,००० चौरस फूट एका जोडीला चाळीसेक दिवस, तीन जोड्यांना पंधरवडा. त्याआधी उखडायला पाच दिवस, कोबा आणि त्याची सात दिवसांची पाणीमार, शेवटी बाक परत येईपर्यंतचा आठवडा. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपतं, तेही माल आधीच आवारात असेल तर. म्हणून ऑर्डर मार्चअखेर, माल एप्रिलच्या शेवटी. अवजड गाड्यांना दिवसा शहरात येण्यावर वेळेची बंधनं असतात. घोडबंदर रोडवरून येणारा ट्रक रात्रीच पोहोचेल असं धरून उतरवायला माणसं ठरवा. पहिल्यांदा स्वच्छतागृहं आणि गॅलरी घ्या, वर्ग नंतर. गॅलरी शेवटी ठेवली की वळवाचा पाऊस ओल्या मालावर पडतो.

९. ताब्यात घेताना आणि नंतर

शेवटचं बिल देण्याआधी पुन्हा नाणं घेऊन सगळीकडे फिरा. पोकळ आवाज येईल तिथे चिकटपट्टी लावा आणि त्या टाइल्स बदलून घ्या. गॅलरीत आणि मोरीत बादलीभर पाणी ओता: अर्ध्या तासानंतर डबकं दिसता कामा नये. पायऱ्यांची वहीतली मापं पुन्हा जुळवा.

बाकांच्या पायांना रबरी बूट घाला आणि दर जूनमध्ये झिजलेले बदला. ॲसिडची बाटली शाळेच्या आवारात येऊच देऊ नका. कोटा, मोझॅक आणि सिमेंटचं ग्राउट तिन्हींना ती खाते. साबणही मोजून. जास्त झाला की त्याचा पातळ थर लादीवर राहतो, आणि आर ११ ची लादीही पहिल्या पावसात साबणाच्या वडीसारखी घसरते. बादलीभर पाण्यात झाकणभर सौम्य द्रावण, मग एकदा नुसत्या पाण्याचा पोछा.

राखीव खोकी जिन्याखाली रद्दीसोबत टाकू नका. पाच वर्षांनी तिथे चार फुटक्या टाइल्स सापडतात. कोरड्या खोलीत, उभी, फळीवर ठेवा. प्रत्येक खोक्यावर मार्करने लिहा: कोणत्या मजल्याची, शेड नंबर, बॅच नंबर, बसवल्याचं वर्ष. हेच चार तपशील मुख्याध्यापकांच्या नोंदवहीतही उतरवून ठेवा, कारण खोक्यावरची शाई दोन पावसाळ्यांत पुसट होते.